खिशातला फ्यूज

माझ्या गाडीत डॅशबोर्डखाली जो फ्यूज बॉक्स आहे, त्याच्या झाकणाची एक खिट्टी तुटलेली आहे. बहुतेकांच्या गाडीतलं ते झाकण वर्षानुवर्षं उघडत नाही. माझं प्रत्येक ऑफरोड ट्रेलला उघडायचं. डांबर संपून कच्चा रस्ता लागला की गाडी बाजूला घ्यायची, टायरमधली हवा कमी करायची, लो रेंज, म्हणजे कमी वेगाचे, जास्त ओढीचे गिअर टाकायचे, आणि मग दाराबाहेर उकिडवं बसून, मोबाइलच्या उजेडात एबीएसच्या कंट्रोल युनिटचा लाल, दहा अँपिअरचा फ्यूज चिमट्यानं उपटून खिशात टाकायचा. नवखी माणसं बघत असली तर मी हे जरा सावकाश करायचो. कुणीतरी विचारावं, "दादा, हे काय काढलंत?" अशी वाट बघत.

विचारलं की माझं उत्तर तयार असे. "ज्याला ब्रेक मारता येत नाही त्याच्यासाठी कंपनीनं दिलेली कुबडी आहे ही. आपल्याला लागत नाही."

आज हे वाक्य लिहितानाही कानशिलं तापतात. पण ते मी म्हणायचो आणि मनापासून म्हणायचो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. चारही चाकांच्या वेगावर सेन्सर असतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, म्हणजे आता ते फिरायचं थांबून घसरणार असं दिसलं, की त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल होतो आणि लगेच पुन्हा लागतो. हे एका सेकंदात अनेकदा होतं. पायाखाली पेडल थरथरतं ते त्यामुळे. चाक फिरतं राहिलं तर स्टिअरिंगचं ऐकतं. जाम झालं, की तुम्ही स्टिअरिंग कुठंही वळवा, गाडी आपली जायची तिकडेच जाते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचं झालं. त्याच सुमारास मारुतीची जिप्सी बंद झाली, जिच्यात ते शेवटपर्यंत नव्हतं. आमच्या ऑफरोडिंगवाल्या मंडळींनी तर सुतकच पाळलं.

माझा हा तोरा आला कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक धागा काकांच्या जीपपर्यंत जातो. महिंद्राची जुनी जीप, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ओढा ओलांडला की ब्रेक जवळजवळ गायब. मग काका पलीकडे गेल्यावर थोडं अंतर पेडलवर हलका पाय ठेवून जीप चालवायचे, आतलं पाणी वाळेपर्यंत. कधी एकाच बाजूचा ब्रेक आधी पकडायचा आणि जीप बांधाकडे ओढ घ्यायची. ती जीप थांबवणं हेच एक कसब होतं. मी तिच्यावर गाडी शिकलो, आणि पुढे आयुष्यभर मला वाटत राहिलं, की मीही त्या कसबाचा वारस आहे. काकांची दुसरी सवय मात्र मी सोयीनं विसरलो. "ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर," असं ते बजावायचे. उतारावर ते ब्रेकला जवळपास हात, म्हणजे पाय, लावतच नसत. इंजिनच गाडीला धरून ठेवायचं. वारसा म्हणून मी काय उचललं, तर ब्रेकची बढाई. आणि ज्यामुळे काका कधी अडचणीत आले नाहीत ती गोष्ट तिथंच ठेवली.

दुसरा धागा भीतीचा आहे, आणि तो मी बरीच वर्षं कुणाला दाखवला नव्हता. नवी फोर बाय फोर घेतली त्या उन्हाळ्यातच मावळातल्या एका खाणीच्या रस्त्यावर, सुक्या मुरमाच्या उतारावर मी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. पेडल पायाला लाथा मारत होतं, खालून घरघर येत होती, आणि गाडी निवांत पुढे चालली होती. वेग फारसा नव्हता. वळणाच्या थोडं पुढे, झुडपात बंपर घालून ती थांबली. कुणाला काही झालं नाही. पण मी पाय दाबतोय आणि मधलं कुणीतरी माझा पाय उचलून धरतंय, ही भावना भयंकर होती. मी घाबरलो होतो. तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी त्या भीतीचा सिद्धांत केला.

सिद्धांत खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. सुट्या खडीवर, मुरमावर, भुसभुशीत वाळूत जाम झालेलं चाक नांगराच्या फाळासारखं आत रुततं आणि आपल्यापुढे मातीचा ढीग लोटत नेतं. तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाकाला फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग साचतच नाही आणि गाडी जास्त अंतर जाते. हे भौतिकशास्त्र आहे. त्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं निरनिराळ्या पृष्ठभागांवर घेतलेल्या चाचण्यांचा उल्लेख माझ्या वाचनात आला: सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं. सत्तावीस टक्के! हा आकडा मी इतक्यांच्या तोंडावर फेकला आहे, की माझ्या नावानं तो ओळखला जावा. शिवाय दाखले होतेच. ऑडीच्या ऐंशीच्या दशकातल्या क्वाट्रोमध्ये एबीएस बंद करायचं बटण होतं. मर्सिडीजच्या जी-क्लासमध्ये डिफरन्शियल लॉक केलं की एबीएस आपोआप बाजूला होतं. जर्मन लोक बंद करतात तर आम्ही का नाही?

आमच्यात एक तरुण मुलगा होता. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, नवी कोरी गाडी, आणि शिकायची हौस. त्याला फ्यूज कुठला ते मी दाखवलं. त्याच्या गाडीचा बॉक्स मी स्वतः उघडून दिला. तो मला गुरू मानायचा आणि मला ते आवडायचं.

मग एकदा आम्ही ठरवलं, की हे एकदा मोजूनच दाखवू. पुण्याबाहेर ओळखीच्या एकाची बंद पडलेली खाण होती, तिचा तळ सपाट, वर मुरूम आणि बारीक खडी. रंगाचे रिकामे डबे मांडले, टेप आणली. ताशी चाळीसच्या वेगानं यायचं आणि डब्यापाशी पूर्ण ब्रेक. आधी एबीएस चालू ठेवून, मग फ्यूज काढून. निकाल माझ्या मनासारखा लागला. फ्यूज काढला की गाडी प्रत्येक वेळी अलीकडे थांबत होती, टेपची गरजच नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. मी जिंकलो होतो. दोन-तीनदा गाडी थांबताना गर्रकन आडवी झाली, एकदा तर जवळपास उलट्या तोंडानं थांबली, त्याची आम्हाला मजाच वाटली. धूळ, आरडाओरडा, शिट्ट्या. तो व्हिडिओ आम्ही गाणं लावून ग्रुपवर टाकला.

मी टेप घेऊन अंतर मोजत होतो. गाडीचं तोंड कुठं आहे हे कुणी मोजलंच नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायला अवघड आहे, कारण तीत काहीच घडत नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. मुळशीकडे एक ट्रेल केला, आणि तिथून परस्पर ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे, बायकोच्या माहेरी जायचं होतं. बायको आणि मुलगी थेट ट्रेलच्या शेवटी येऊन मला भेटल्या, मित्राच्या गाडीतून. मी सकाळपासून चिखलात गाडी काढून-घालून पार गळून गेलो होतो. बायको म्हणाली, "मी चालवते, तू झोप." तिला तो घाट लहानपणापासून पाठ आहे. टायरमध्ये हवा भरली, लो रेंज काढली, आणि मी शेजारच्या सीटवर डोळे मिटले.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अरे, हा पिवळा दिवा कसला?"

"एबीएसचा. असू दे, तो तसाच राहतो."

मग हँडब्रेकचा दांडा एकदा वर, एकदा खाली झाल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा. "हँडब्रेक तर सोडलाय. मग हा लाल का लागलाय?"

"असू दे गं. चिखल गेला असेल कुठंतरी."

एवढंच बोलून मी झोपलो. घाटात मधे एकदा मला अर्धवट जाग आली. धबधब्यापाशी गर्दी होती, पोरं रस्त्यात उभी राहून फोटो काढत होती, आणि ती गाडी हळू करत होती. "ब्रेक जरा वेगळाच लागतोय," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. मागे मुलगी झोपली होती. वायपर जोरात चालू होते. गाडी थांबली, पोरं बाजूला झाली, आम्ही पुढे निघालो. अंधार पडायच्या आत माणगावला पोचलो. सासूबाईंनी गरम गरम पिठलं-भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझी चिखलाची पँट भिजवायला घेऊन गेल्या. धुण्याआधी खिसे तपासायची त्यांची सवय. थोड्या वेळानं ओटीवर येऊन त्यांनी सुटे पैसे, टोलची भिजलेली पावती आणि एक लाल प्लॅस्टिकचा तुकडा माझ्यासमोर ठेवला. "हे तुमच्या खिशात होतं. गाडीचं काही आहे का? फेकणार होते मी."

मी तो तुकडा बराच वेळ हातात घेऊन बसलो.

फ्यूज परत लावायला विसरणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. आधीही मी विसरलो असेन. आठवत नाही, आणि आठवत नाही हेच किती वाईट आहे. पण त्या वेळी गाडी मी चालवत होतो. माझा पाय, माझा फ्यूज, माझी खुमखुमी. काल मात्र गाडी जी चालवत होती, तिनं हा निर्णय घेतला नव्हता. तिला तो घेतला गेलाय हेच माहीत नव्हतं. तिनं दोनदा विचारलं. एकदा मी अर्धवट उत्तर दिलं, एकदा मनाला येईल ते ठोकून दिलं.

आणि तो लाल दिवा? खरं सांगतो, तो का लागतो हे मला ठाऊक नव्हतं. फ्यूज काढला की पिवळ्याबरोबर लालही लागतो हे मी कित्येकदा पाहिलं होतं. हँडब्रेकचा दिवा आहे, वायरिंग एकत्र असेल, असं धरून चाललो होतो. जो माणूस चारचौघांत सत्तावीस टक्के सत्तावीस टक्के करत हिंडायचा, त्यानं आपल्याच गाडीच्या डॅशबोर्डवरचा दिवा वाचला नव्हता.

ग्लव्ह बॉक्समधून मॅन्युअल काढलं. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून ते पहिल्यांदाच बाहेर आलं. ओटीवर बसून, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी ते पान शोधलं. नुसता पिवळा दिवा लागला तर एबीएस चालत नाही, साधे ब्रेक चालतात, असं त्यात होतं. हे मला माहीत होतं. त्याखालची ओळ मला माहीत नव्हती. पिवळा आणि लाल, दोन्ही एकदम लागले तर ईबीडीही बंद आहे असं समजावं. जोरात ब्रेक दाबला तर गाडीचा तोल जाऊ शकतो. सावकाश चालवून गाडी दाखवून घ्यावी.

ईबीडी हा शब्द गाडीच्या जाहिरातीत एबीएसला चिकटूनच येतो, म्हणून मी त्याला शेपूट समजत होतो. वास्तविक तो वेगळं काम करतो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. मागच्या चाकांना पुढच्याइतकाच जोर दिला तर ती आधी जाम होतात. आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढच्याला ओलांडायला बघतो. जुन्या गाड्यांमध्ये मागच्या ब्रेकचा जोर आवरायला एक यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तो काढून टाकला आहे, कारण तेच काम एबीएसच्या युनिटमधून ईबीडी करतो. म्हणजे फ्यूज काढून मी माझी गाडी काकांच्या जीपसारखी करत नव्हतो. ती जीप निदान तिच्या ब्रेकसकट पूर्ण होती. मी एक अशी गाडी तयार करत होतो, जी कुठल्याच अभियंत्यानं कधी बनवली नव्हती. आणि तशा गाडीत बायकोला बसवून, ओल्या डांबरावर, उतारावर, वजन पुढे झुकलेलं असताना, मी शेजारी घोरत होतो.

त्याच ओटीवर मी मोबाइलवरचा तो खाणीतला व्हिडिओ उघडला. गाण्याचा आवाज बंद केला. आणि सावकाश, एकेक क्षण पुढे सरकवत बघितलं. आधी मागचं चाक थांबतं. पुढचं अजून फिरतंय. मग गाडी वळायला लागते. पुढच्या रनमध्ये तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. पुरावा माझ्या खिशात होता, मीच काढलेला, मीच गाणं लावून वाटलेला. डोंगराच्या कडेला जी वाट असते तिच्या एका बाजूला दरी असते. तिथं दहा फूट आधी थांबून आडवं होण्यापेक्षा दहा फूट उशिरा सरळ थांबणं केव्हाही बरं, हे कळायला मला अपघात लागला नाही, याबद्दल मी नशिबाचे आभार मानतो. स्वतःचे मानण्यासारखं काही नाही.

एकदा गाठ सुटली की धागे भराभर निसटतात. एका ट्रेलवर ओढ्यात माझी गाडी तिरकी अडकली होती, पुढचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक चाक अधांतरी. ती चाकं नुसती फिरत राहिली, गाडी हलेना. शेवटी दोर लावून ओढून काढावी लागली. त्या दिवशी मी कंपनीला काय काय बोललो होतो! "म्हणे इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन! नुसता कागदावर!" हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळवायचं काम एबीएसच्याच युनिटकडे असतं. त्याचा फ्यूज माझ्या खिशात होता.

त्या अमेरिकी अहवालाचंही तसंच. मूळ निष्कर्ष नीट वाचला तेव्हा दिसलं, की बहुतेक पृष्ठभागांवर, बहुतेक प्रसंगी पूर्ण ब्रेक दाबल्यावर एबीएस असलेली गाडीच लवकर थांबली. सुटी खडी हा ठळक अपवाद. आणि गाडीचा तोल जवळजवळ सर्वत्र एबीएस चालू असतानाच चांगला राहिला. मी अपवाद पाठ केला आणि नियम वाचलाच नाही.

आणि तो अपवाद तरी आम्हाला कितीसा लागू? आमचं ऑफरोडिंग मुख्यतः पावसाळ्यातलं. गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा जुलैत भरते ती उगाच नाही. चिखल हीच इथली परीक्षा. सह्याद्रीतला पावसाळी ट्रेल म्हणजे काळी चिकणमाती, शेवाळलेला कातळ, ओलं गवत. तिथं जाम झालेल्या चाकापुढे ढीग साचत नाही. चिकणमाती टायरच्या खाचांत भरून तो गुळगुळीत होतो आणि गाडी नुसती घरंगळते. चाक फिरतं राहिलं तर खाचा थोड्या मोकळ्या होतात, थोडी पकड येते. म्हणजे ज्या ऋतूत मी हटकून फ्यूज काढत होतो, त्या ऋतूत माझा सिद्धांत मुळात बसतच नव्हता. तो परक्या वाळवंटांच्या आणि खडीच्या रस्त्यांच्या व्हिडिओंतून उचललेला होता. मावळातल्या उन्हाळी मुरमावर तो खरा होता, एवढ्या आधारावर मी त्याला बारमाही करून टाकलं.

जी-क्लासचा दाखलाही मी अर्धाच वाचला होता. डिफरन्शियल लॉक झालं की त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. एकेका चाकाचा ब्रेक वेगळा सैल करून उपयोग होत नाही, म्हणून एबीएस बाजूला होतं. मर्दानगीचा त्यात संबंध नाही. आणि मी जो खडीचा मुद्दा मोठ्या शोधासारखा मिरवत होतो तो गाड्या बनवणाऱ्यांना केव्हाचा ठाऊक होता. लँड रोव्हरनं २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ सोबत टेरेन रिस्पॉन्स आणला, त्यात जमीन कशी आहे त्याप्रमाणे एबीएसचं वागणंही बदलतं. टोयोटाच्या लँड क्रूझरमध्ये मल्टी-टेरेन एबीएस आहे. चाकाला थोडा वेळ जाम होऊ द्यायचं, ढीग साचू द्यायचा, पण तोल सुटू द्यायचा नाही, असा तो हिशेब. जाता जाता एक गंमत: फोर-व्हील ड्राइव्ह आणि एबीएस यांचं हाडवैर आहे असं मी सांगत फिरायचो, आणि १९६६ सालच्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीत दोन्ही एकत्र होतं. ते एबीएस डनलॉपचं मॅक्सारेट, मूळचं विमानांसाठी बनवलेलं. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं त्याच्याही बारा वर्षं आधीची ही गोष्ट.

बायकोला सांगायला मी वेळ लावला. पुण्याला परत आल्यावर, जेवण झाल्यावर सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली नाही. तिनं विचारलं, "लाल दिव्याचं तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग 'असू दे' कशाला म्हणालास? माहीत नाही म्हणायचं. मी हळू चालवली असती." मग थोडं थांबून, "तशी मी हळूच चालवली. मला दिवा बघून भीती वाटत होती."

म्हणजे त्या दिवशी घाटात काही झालं नाही ते केवळ नशिबानं नव्हे. गाडीनं लाल दिवा लावून जे सांगितलं ते तिनं ऐकलं होतं, मी नव्हतं. आमच्या दोघांत ब्रेक मारता येणारा माणूस कोण, हा प्रश्न मी तिला विचारला नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते त्या मुलाशी बोलणं. मी त्याला भेटून सांगितलं, की मी चुकीचं शिकवलं, फ्यूज काढू नकोस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, पण खाणीत आपण मोजलं होतं ना? तुम्हीच टेप धरली होतीत." मी व्हिडिओ दाखवला, मागचं चाक दाखवलं. त्याला ते दिसलं, पण पटलं नाही. त्याच्या मते मी वयानं घाबरट झालोय. मी त्याला दोष देऊ शकत नाही. जो युक्तिवाद तो करत होता तो शब्दशः माझा होता, माझ्याच सुरात. स्वतःचा जुना आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार अपमानकारक असतं.

पुढे त्यानं हिमालयन मोटरसायकल घेतली, मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येणारी. मला मुद्दाम दाखवायला आणली. "बघा, कंपनीच बटण देते!" मी म्हटलं, बघ ना, नीट बघ. बंद होतं ते फक्त मागचं, पुढचं चालूच राहतं. म्हणजे किती बंद करायचं, कुठलं शाबूत ठेवायचं, हे कुणीतरी आधी बसून ठरवलंय. फ्यूज काढताना आपण यातलं काय ठरवतो? तो हसला. गाडीतला फ्यूज तो अजून काढतो की नाही, मी विचारत नाही. परतीला निघताना मात्र ग्रुपमधल्या प्रत्येकाला मी डॅशबोर्ड दाखवायला लावतो. त्यालाही. त्याला राग येतो, तरी दाखवतो.

आता मी काय करतो? उतारावर लो रेंजचा पहिला गिअर टाकतो, क्लचवरचा पाय काढून जमिनीवर ठेवतो आणि इंजिनला गाडी धरू देतो. काका करायचे तेच. चाकं घसरायला लागलीच तर ब्रेकऐवजी किंचित अ‍ॅक्सिलरेटर देतो, म्हणजे चाकं पुन्हा जमिनीच्या वेगाला येतात. असं उतरलं की दहातल्या नऊ उतारांवर एबीएसचा प्रश्न उद्भवतच नाही. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नावर हिरिरीनं भांडलो तो प्रश्न मुळात चुकीच्या गिअरमध्ये उतरणाऱ्याचा होता.

पण म्हणून मी एबीएसचा भक्त झालो आहे असं कुणी समजू नये. सुक्या मुरमावर साधं, रस्त्यासाठी जुळवलेलं एबीएस आजही मला भीतिदायक वाटतं, आणि ती भीती रास्त आहे. बटण असावं, या मताचा मी अजूनही आहे: लो रेंजमध्येच चालणारं, ठरावीक वेगाच्या पुढे आपोआप एबीएस परत चालू करणारं, ईबीडीला हात न लावणारं. माझी तक्रार एवढीच आहे, की आपल्याकडे जाहिरातीत गाडी दगडांवर चढवून, ओढ्यांतून उडवून विकतात, आणि लो रेंज टाकल्यावर एबीएस नेमकं काय करतं, बदलतं की तसंच राहतं, हे माझ्या मॅन्युअलमध्ये शोधूनही सापडलं नाही. दिव्यांवर अख्खं पान आहे, यावर ओळ नाही. शोरूममध्ये विचारलं तर सेल्समननं मला सनरूफ दाखवलं.